गोव्यात निवांत राहायचंय? चालणं, समुद्र आणि जेवण यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडणे तालुक्यातल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. येणारे बहुतेक पुणे, कोल्हापूर, बेळगाव, नाशिककडचे. यायच्या आधी सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवले आहेत. कॅसिनो, क्लब, पार्ट्या यांबद्दल इथे काही सापडणार नाही. त्यातलं आम्हाला कळतही नाही.

१. गोव्यात शांतता उरली आहे का? नेमकं कुठे राहावं?

उरली आहे. फक्त ती कळंगुट-बागा पट्ट्यात शोधू नका. माझ्या मते चार भाग आहेत, त्यातला एक निवडा. समुद्र आणि शेत दोन्ही हवं असेल तर पेडणे: केरी, पालये, हरमल, मांद्रे, मोरजी. हरमलच्या बाजारात आता रात्री आवाज असतो, पण गावात दोन किलोमीटर आत सरकलात की बेडूक ऐकू येतात. सावली, कुळागरं (पोफळीच्या बागा) आणि देवळं हवी असतील तर फोंडा तालुका, म्हणजे आमच्या बोलण्यातलं अंत्रूज. मांडवीतली दिवाडी आणि चोडण ही बेटं पणजीच्या दारात असूनही झोपाळू आहेत. आणि डोंगर थेट समुद्रात उतरलेले बघायचे असतील तर अगदी दक्षिणेला काणकोण.

२. चार दिवसांत उत्तर आणि दक्षिण गोवा दोन्ही होईल का?

होईल, पण मग ती सुट्टी राहणार नाही, फेरी होईल. पेडण्यापासून काणकोण शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि मध्ये पणजी, मडगावची वाहतूक आहे. एका मुक्कामात एक समुद्राकाठचा आणि एक आतला तालुका पुरे. आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाने पहिल्याच दिवशी सात ठिकाणांची यादी दाखवली होती. तिसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, आज मी ओटीवरच बसतो. त्या दिवशी सगळेच बसले.

३. कधी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालण्यासाठी उत्तम. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा मात्र टाळा. मार्च ते मे ऊन भाजून काढतं, पण काजूच्या भट्ट्या आणि मानकुराद आंबा त्याच दिवसांत. ऑक्टोबरचा उकाडा मला स्वतःला मेपेक्षा जड जातो.

जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. समुद्रात उतरता येत नाही, पण शेतं हिरवीगार, खोल्या स्वस्त आणि भाज्या अशा की त्यांची नावंही तुम्ही ऐकलेली नसतील (प्रश्न १० पाहा). चालणाऱ्याने एकदा तरी पावसात यावंच. छत्रीपेक्षा रेनकोट आणि बुटांपेक्षा पट्ट्याच्या चपला बऱ्या.

४. कसं यायचं? कुठल्या स्टेशनला उतरायचं?

कोकण रेल्वेने उत्तरेकडे यायचं असेल तर पेडणे किंवा थिवी. सगळ्या गाड्या पेडण्याला थांबत नाहीत, थिवीला थांबणाऱ्या जास्त आहेत. फोंड्यासाठी करमळी किंवा मडगाव आणि दक्षिणेला जाणाऱ्यांसाठी मडगाव किंवा काणकोण. विमानाने याल तर मोपा पेडणे तालुक्यातच आहे, तिथून जानेवारी २०२३ पासून विमानं सुटतात. दाबोळी दक्षिणेला सोयीचं. तिकीट काढताना कुठला विमानतळ हे नक्की बघा, चुकणारे दर महिन्याला भेटतात.

स्वतःच्या गाडीने कोल्हापूरहून आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी. बेळगावहून चोर्ला घाट सुंदर आहे, पण पावसाळ्यात धुक्यात समोरचं दिसत नाही, त्यामुळे दिवसाउजेडी उतरा.

५. नकाशावर ‘केरी’ टाकलं आणि भलतीकडेच पोचलो. असं कसं?

गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. एक पेडण्यात समुद्रकाठी, एक सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, एक फोंड्यात. चोर्ल्याने उतरणाऱ्या पाहुण्यांना फोन दहा मिनिटांत ‘पोचलात’ म्हणून सांगतो आणि ते डोंगरात समुद्र शोधत बसतात. गावापुढे तालुक्याचं नाव घाला.

६. गाडी नसेल तर अडतं का?

थोडं अडतं. कदंब आणि खाजगी बसेस पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव यांना छान जोडतात, पण गावात जाणारी शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते. भाड्याची दुचाकी घ्याल तर काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची घेतलीत आणि पोलिसांनी थांबवलं तर दिवस वाया. हेल्मेट घाला, मागच्यालाही.

फेरीबोटी विसरू नका. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत, आणि रायबंदर-चोडण किंवा जुनं गोवं-दिवाडी या पाच-दहा मिनिटांत माणूस जितका शांत होतो तितका दिवसभर गाडी चालवून होत नाही.

७. चालायला नेमके कुठे जाऊ? ट्रेक नको, निवांत वाटा हव्यात.

माझी आवड सांगते, क्रमही माझाच.

हरमल ते मोरजी: किनाऱ्याने सात-आठ किलोमीटर, सगळी वाळू. हरमलहून दक्षिणेला निघायचं, मांद्रे, आश्वे आणि शेवटी शापोरा नदीचं मुख, पलीकडे शापोऱ्याचा किल्ला. किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळी माडांच्या सावल्या वाळूवर लांब पडतात आणि साडेआठपर्यंत तुम्ही सावलीतून चालता. मांद्र्याला एक खाडी आडवी येते. ओहोटीला ती घोट्याएवढी असते. मी एकदा गप्पांत वेळ विसरून भरतीला तिथे पोचले आणि कंबरभर पाण्यातून, डोक्यावर पिशवी घेऊन, पलीकडे गेले. घरी कुणाला सांगितलं नाही. वेळेचा हिशोब प्रश्न ८ मध्ये आहे, तो वाचूनच निघा.

आगरवाडा-चोपडे: शापोऱ्याकाठचं खाजन (प्रश्न ९ पाहा) आणि मिठागरं. जानेवारी-फेब्रुवारीपासून पावसापर्यंत मिठाचे लहान ढीग उन्हात चमकतात. बांधावरून तासभर चाललं तरी माणूस फारसा भेटत नाही, पक्षी भेटतात.

अंत्रूजातली देवळं: कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी, बांदिवड्याची महालक्ष्मी ही सगळी काही किलोमीटरच्या टापूत आहेत. गाडी एका ठिकाणी लावा आणि चालत फिरा. नागेशीच्या तळीच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसल्याशिवाय उठू नका.

दिवाडी आणि नार्वे: दिवाडीवर पियेदादच्या टेकडीवर चढा, खाली भातशेती आणि मांडवी दिसते. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान याच बेटावर. पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला त्याचं आत्ताचं देऊळ आहे, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार करवला तेच. फेरीने दोन्ही एका दिवसात होतं.

काणकोणात पाळोळें, कोळंब, पाटणें असं खडकांवरच्या पायवाटेने जाता येतं, अंतर थोडं. आणि समुद्राचा कंटाळा आला तर रिवणजवळ कुशावतीच्या काठी पणसायमळला जा. जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर बैल, मोर आणि एक चक्रव्यूह कोरलेला आहे, तोही प्रागैतिहासिक काळातला. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात रेषा दिसत नाहीत. तिरपं ऊन हवं, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी.

८. भरती-ओहोटी कशी कळणार? अॅप लागतं का?

अॅप आहेत, पण कालनिर्णय पुरतं. माझे सासरे सांगायचे तो हिशोब: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, येईल तो भरतीचा तास, सकाळचा आणि रात्रीचाही. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणून ओहोटी संध्याकाळी पाच-सव्वापाचला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे पोटापाण्यासाठी समुद्रात जाणारे यावर विसंबत नाहीत. चालणाऱ्याला चालतं.

यातून एक गंमत निघते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरती जशी मोठी तशी ओहोटीही मोठी. पौर्णिमेच्या संध्याकाळी पाणी खूप आत गेलेलं, वाळू ओली आणि रुंद, समोर सूर्य बुडतोय आणि पाठीमागे माडांतून चंद्र वर येतोय. सुट्टीच्या तारखा तुमच्या हातात असतील तर ऑफिसच्या कॅलेंडरऐवजी तिथी बघून ठरवा.

९. खाजन म्हणजे काय? त्या बांधावर चाललं तर कुणी ओरडतं का?

नदीकाठची खारी जमीन बांध घालून शेतीखाली आणलेली, ती खाजन. गोव्यात ही पद्धत फार जुनी आहे, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची. बांधात ठरावीक जागी लाकडी दारांची मानस असते. भरती आली की नदीचं पाणी दारं ढकलून आपोआप बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी दारं उघडून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. पावसात मीठ धुऊन गेलं की आत कोरगुटासारखं खारं सोसणारं भात पिकतं, आणि मानशीपाशी सुंगटं, कोळंबी हो, जाळ्यात पडतात. त्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो, म्हणून मानशीच्या तोंडाशी हौसेने गळ टाकून बसू नका.

एकदा ओहोटी सुरू होताना मानशीपाशी थांबून पाहा. आधी काहीच होत नाही. मग दारांच्या फटीतून पाण्याचा एक धागा सुटतो, लाकूड करकरतं, आणि दोन मिनिटांत सगळं पाणी फेसाळत नदीत पडायला लागतं. बगळे आधीपासूनच रांगेत उभे असतात, त्यांना हिशोब माहीत आहे.

बांधावरून चालायला सहसा कुणी ओरडत नाही. मात्र मातीचा बांध असेल तर कडेने चालू नका, कुत्रा सोडू नका आणि शेतात कापणी चालू असेल तर विचारून जा. कुळागराचं वेगळं: ती खाजगी बाग असते. पोफळी दिसल्या म्हणून आत शिरू नये. हाक मारा, बहुतेक जण स्वतः फिरवून दाखवतात आणि पाण्याचे पाट कसे वळवतात तेही सांगतात.

१०. खरं गोव्याचं जेवण म्हणजे काय मागवायचं?

दुपारी फिश थाळी. त्यात शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे नारळाची आमटी, रव्यात तळलेलं नुस्तं, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची किसमूर, एखादी भाजी आणि सोलकढी. हुमणात तिरफळ आहे का बघा. बांगडा किंवा तारले असतील तर ते हवंच, वास लगेच कळतो. सुरमई मागाल तर इथे तिला इसवण म्हणतात. थाळीचा भाव आणि वेगळ्या तळलेल्या माशाचा भाव हे दोन निराळे असतात, तेवढं आधी विचारा, म्हणजे बिलावर वाद होत नाही.

काफ्रेल, सोरपोतेल हे ख्रिस्ती घरांतलं जेवण. ते सासष्टीत किंवा बार्देशात खा, आमच्याकडे मागून निराश होऊ नका. गोडात बिबिंक प्रसिद्ध आहे, मला मात्र चण्याच्या डाळीचं मणगणं जास्त आवडतं.

पावसाळ्यात ताट बदलतं. तायकिळा, अळू, कुड्डुक अशा रानभाज्या येतात आणि रानात अळमी, म्हणजे अळंबी, उगवतात. रस्त्याकडेला पानांत बांधून त्या विकायला बसलेल्या बायका दिसतील. भाव ऐकून दचकू नका, त्या अळम्या मिळवायला पहाटे रानात जावं लागतं.

११. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उलट. सकाळी कुठल्याही गावच्या हॉटेलात भाजीपाव मिळतो: पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून, सोबत मिरचीची भजी आणि गोडसर बन. दुपारी अळसांद्याचं तोणाक (चवळीची रस्साभाजी), मुगागाठी, मिळालं तर खतखतं. फोंड्यातल्या काही देवस्थानांत जेवणाची आणि अग्रशाळेत राहण्याची सोय असते, तिथे कांदा-लसणाचाही प्रश्न सुटतो. ‘शाकाहारी’ एवढंच न सांगता ‘सुकी सुंगटंही नकोत’ असं स्पष्ट सांगा. काही ठिकाणी त्यांना कुणी मासे समजतच नाही.

१२. सोमवारी किंवा श्रावणात मासे मिळतात का?

हॉटेलात मिळतात. आमच्यासारख्या हिंदू घरांत सोमवारी आणि श्रावणात बहुधा नाही, म्हणून घरगुती मुक्काम असेल तर आधी विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजं हवं तर नदीतलं आणि मानशीतलं (प्रश्न ९). पापलेटचा हट्ट धरलात तर बर्फातलं येईल.

१३. सकाळी भोंगा वाजवत कोण जातं?

पोदेर. सायकलवर पावाची टोपली. उंडे, पोळी, काकणं घ्या. कोंडा लावलेली पोळी गरम असतानाच खा, दुपारी तिचं चामडं होतं.

१४. समुद्रात उतरणं सुरक्षित आहे का? नदीत?

जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, दिवसाउजेडी: हो. लाल झेंडा असेल तर गुडघ्यापर्यंतही नाही. जून ते सप्टेंबर अजिबात नाही. नदीच्या मुखाशी, म्हणजे मोरजीच्या टोकाला किंवा केरीला, वाळू पायाखालून सरकते, तिथे पोहणाराही फसतो. दारू पिऊन उतरणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. जीवरक्षकांना विचारा, ते बोलतील.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला मातीची मगर घडवून तिची पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात तिला. ज्या पाण्याची पूजा होते त्यात पाय सोडून बसू नये.

१५. पावसाळ्यात धबधब्यांवर जाता येतं का?

दर पावसाळ्यात बुडून माणसं जातात आणि मग बंदी येते. अभयारण्यातल्या धबधब्यांसाठी वनखात्याच्या नाक्यावर चौकशी करूनच जा, चोरवाटेने नेणाऱ्याच्या मागे लागू नका. हरवळ्याचा धबधबा देवळाशेजारूनच दिसतो, जवळच कोरीव लेणी आहेत, म्हाताऱ्या माणसांनाही जमतं. तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ पावसात पाहा, काळा दगड ओला झाल्यावर नक्षी उठून दिसते.

कोरड्या दिवसांत सत्तरीच्या रानात फिराल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि पालापाचोळ्यात बसू नका. गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण तिथे आढळले आहेत.

१६. किनाऱ्यावर कासवं दिसतील का?

मोरजी, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, साधारण थंडीच्या दिवसांत, रात्री. वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालतं. दिसतीलच असं नाही. टॉर्च, फ्लॅश, गोंगाट नको. आणि कुठल्याच किनाऱ्यावर वाळूत गाडी घालू नका: दंड होतो तो होतोच, शिवाय भरती यायच्या आत गाडी बाहेर काढायला अख्खं गाव बोलवावं लागतं.

१७. हुर्राक आणि फेणीत फरक काय? घरी नेता येईल का?

काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक मार्च ते मे एवढीच, ती टिकत नाही. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय नेणं गुन्हा आहे, ‘एकच बाटली’ असली तरी. सीमेवर गाड्या तपासतात.

१८. मराठीत बोललं तर चालतं का?

चालतं काय, धावतं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा भागांत मराठी वर्तमानपत्रं घरोघरी येतात, देवळांत आरत्या मराठीत होतात. राजभाषा कोंकणी आहे, आणि १९८७ च्या कायद्याने सरकारी कामात मराठीलाही जागा आहे. त्यावरून घरात अजून वाद होतात, पाहुण्यांनी त्यात पडू नये. ‘बरें मरे?’ एवढं विचारलंत तरी समोरचा खूश.

१९. तेरेखोलचा किल्ला केरीतून समोर दिसतो, मग नकाशा एवढा वळसा का दाखवतो?

मध्ये तेरेखोलची खाडी आहे. केरीहून फेरी आहे, पण पाणी फार उतरलं की ती थांबवतात. तुमचा नकाशा तेव्हा किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून नेतो. प्रश्न ८ चा हिशोब करून भरतीच्या आसपास जा. किल्ला छोटा आहे. १९५४ मध्ये सत्याग्रहींनी इथेच तिरंगा लावला होता.

२०. परतताना काय बांधून न्यावं?

शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार. भिंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं, हरमलची किंवा काणकोणच्या खोल्याची मिरची, म्हयड्याची केळी. मे अखेरीस मडगावात पुरुमेंताच्या जत्रेत पावसाळ्याची बेगमी मिळते. मानकुराद घ्याल तर थोडे कच्चे मागा आणि गवतात बांधून घ्या. सुकी मासळी मात्र तीन पदरी प्लास्टिकमध्ये आणि वर एक डबा. आमच्याकडून गेलेल्या एका पाहुण्यांनी हे ऐकलं नाही, आणि रत्नागिरीपर्यंत त्यांच्या डब्यातले सहप्रवासी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत.